मल्ल, नट आणि दिलेला शब्द

दिवाळीनंतर कापसाचा पैसा हाती येऊ लागला की यवतमाळ जिल्ह्यात जत्रांबरोबर कुस्त्यांच्या दंगली भरू लागतात. दारव्हा-दिग्रसकडे काय किंवा पुसद-उमरखेडकडे काय, दंगलीचे रूप फारसे बदलत नाही. पंच जोड लावतात, इनामाचा आकडा लाउडस्पीकरवरून पुकारला जातो, एखादा शौकीन स्वतःच्या खिशातले शंभर रुपये त्यात घालतो, डफडे वाजू लागते. दोन तुल्यबळ मल्ल एकमेकांच्या मानेवर हात टाकून खडाखडी करीत राहतात. दहा मिनिटे जातात, पंधरा जातात. कोणाचीच पाठ मातीला लागत नाही. मग गर्दीतून कोणीतरी ओरडतो : 'नुरा!' तेवढे पुरते. पंच जोड सोडवितात, इनाम निम्मे-निम्मे होते आणि दोघेही मान खाली घालून आखाड्याबाहेर पडतात.

प्रस्तुत लेखनाचा विषय हा ओरडलेला शब्द आहे. वर्तमानपत्रांनी तो राजकारणात नेऊन इतका झिजविला आहे की दोन पक्षांच्या लुटुपुटीच्या भांडणापलीकडे त्यातून आपल्याला फारसे काही ऐकू येत नाही. पण मूळ प्रसंगापाशीच थांबले, तर एक विचित्र गोष्ट लक्षात येते. 'नुरा' हा नैतिक आरोप आहे : निकाल आधीच ठरला होता, पाहणाऱ्यांची फसवणूक झाली. मात्र ओरडणाऱ्याजवळ ठरविल्याचा पुरावा काहीच नसतो. कुस्ती रंगली नाही, एवढेच त्याच्याजवळ असते. रंग न भरल्यावरून तो अप्रामाणिकपणाचे अनुमान करतो, आणि हे अनुमान पुष्कळदा चुकते. दोघे बरोबरीचे, दोघांनाही हरण्याची धास्ती, दोघेही सावध : अशी कुस्ती निकाली होत नाही, ती खरी असते म्हणूनच. ज्यांनी आपसात ठरविलेले असते ते ढाक लावतील, धोबीपछाड मारतील, एकदा हा वर आणि एकदा तो वर असे लोकांना झुलवितील आणि शेवटी झोकात चितपट करून टाळ्या घेतील. (याच जिल्ह्यातल्या शंकरपटात 'नुरा' अशी आरोळी ऐकू येत नाही. हाकणारा लबाडी करू शकतो. पण एका जोडीच्या बैलांना दुसऱ्या जोडीच्या बैलांशी काही ठरविता येत नाही. ही क्षुल्लक वाटणारी गोष्ट पुढे उपयोगी पडेल.)

तेव्हा प्रश्न असा : ठरविलेल्या कुस्तीत वाईट नेमके काय असते? त्यात असत्य असते, हे उत्तर लगेच सुचते. पण असत्य तर नाटकातही असते, आणि दुष्यंताचे काम करणाऱ्या नटाला आपण लबाड म्हणत नाही.

रोलाँ बार्थच्या 'मिथॉलॉजीज' (१९५७) या पुस्तकातला पहिलाच निबंध व्यावसायिक कुस्तीवर आहे, हे समीक्षेच्या अभ्यासकांना सांगायला नको. पॅरिसमधल्या दुय्यम दर्जाच्या सभागृहांत चालणाऱ्या कुस्त्या पाहून बार्थने असे मांडले की हा क्रीडाप्रकार नव्हे, हे दृश्य-प्रयोग आहे; येथे मल्लाचे शरीर हेच चिन्ह असते; आणि लढत लटकी आहे की नाही याची प्रेक्षकाला पर्वा नसते, कारण त्याला निकाल नको, दुःख, पराभव आणि न्याय यांची प्रतिमा हवी असते. रा. भा. पाटणकरांच्या 'सौंदर्यमीमांसे'ने रूढ केलेली परिभाषा वापरायची तर बार्थने कुस्तीला लौकिकातून उचलून अलौकिकाच्या प्रांतात नेऊन ठेवले. नुरा म्हणून ओरडणारा दंगलीतला माणूस पक्का लौकिकतावादी ठरतो आणि बार्थ अलौकिकतावादी. वाद येथेच मिटविण्याचा मोह होतो. पण बार्थचा प्रेक्षक जाणता आहे. आपण काय पाहायला आलो आहोत हे त्याला ठाऊक आहे. ज्याला ते ठाऊक नाही, त्याचे काय, या प्रश्नाला बार्थच्या निबंधात जागाच नाही, आणि नैतिक प्रश्न उभा राहतो तो याच माणसाच्या बाजूने.

आपल्या परंपरेत या जागेवर शंकुक उभा आहे. नटाच्या ठिकाणी रामाची जी प्रतीती येते ती सम्यक्, मिथ्या, संशय आणि सादृश्य या चारही ज्ञानप्रकारांहून निराळी असते, चित्रातला घोडा पाहून 'हा घोडा' असे आपण म्हणतो तशी, असे त्याने म्हटले. भट्टतौताने आणि त्याचा शिष्य अभिनवगुप्ताने शंकुकाचा अनुकरणवाद खोडून काढला. तरीही चित्रतुरगाचा दृष्टान्त मराठी समीक्षेच्या मनातून गेला नाही. मात्र या दृष्टान्ताची एक अट आपण बहुधा विसरतो. चित्रातला घोडा चौकटीत असतो. नाट्यालाही अशी चौकट लागते. रसविघ्नांचा विचार करताना अभिनवगुप्त पूर्वरंग, प्रस्तावना आणि नटाचा वेष यांची योजना विघ्न दूर करणारी म्हणून सांगतो, त्याचा अर्थ हाच. सूत्रधार आणि नटी रंगमंचावर येतात, बोलतात, आणि मग नट मुकुटाआड नाहीसा होतो. प्रेक्षकाला आधी नट दाखविला गेलेला असतो. ठरविलेल्या कुस्तीला प्रस्तावना नसते. मल्ल शड्डू ठोकतो ते स्वतःच्या नावाने.

कोल्हापुरात ही अडचण विटा-दगडांत पाहायला मिळते. शाहू महाराजांनी उभारलेले खासबाग मैदान आणि १९१५ सालचे पॅलेस थिएटर, म्हणजे पुढचे केशवराव भोसले नाट्यगृह, ही शेजारी शेजारी आहेत. ऑगस्ट २०२४ मध्ये नाट्यगृहाला आग लागली तेव्हा तिची झळ खासबागेपर्यंत पोहोचली, इतकी ती लगटून होती. एकाच राजाने नटाला आणि मल्लाला आश्रय दिला, पण दोघांच्या मध्ये भिंत ठेवली. भिंतीच्या एका बाजूला निकाल आधी लिहिलेला असतो, दुसऱ्या बाजूला तो लिहिलेला असणे हाच अपराध. खासबागेत १९१२ मध्ये गामाचा भाऊ इमामबक्ष उतरला होता. त्याच्या वंशजांची गाठ पुढे एका जपानी मल्लाशी पडायची होती, आणि तेथे अशी भिंत नव्हती.

तो जपानी मल्ल म्हणजे अँटोनिओ इनोकी. पण त्याच्याआधी त्याच्या गुरूविषयी, रिकिदोझानविषयी, सांगायला हवे. फेब्रुवारी १९५४ मध्ये रिकिदोझान आणि ज्यूदोचा ख्यातनाम मल्ल मासाहिको किमुरा यांची जोडी कॅनडाच्या शार्प बंधूंशी लढली. रस्त्यांवर बसविलेल्या दूरदर्शन संचांसमोर लोकांची प्रचंड गर्दी लोटली. युद्धात हरलेल्या देशाने एका जपान्याला धिप्पाड गोऱ्यांना लोळविताना पाहिले. कुस्ती ठरविलेली होती, हे पहिले असत्य. तो वीर जपानी नव्हता, कोरियात जन्मलेला होता आणि ते त्याला आयुष्यभर झाकावे लागले, हे दुसरे. मला दुसरे असत्य पहिल्यापेक्षा कितीतरी गंभीर वाटते, आणि ते असत्य बोलणाऱ्यापेक्षा ऐकणाऱ्यांचे अधिक आहे. कोरियन माणसाला ज्या समाजाने वीर म्हणून स्वीकारले नसते, त्याच समाजाने त्याच्याकडून जपानी वीर मागून घेतला. येथे फसविणारा कोण, हे ठरविणे वाटते तितके सोपे नाही.

या कुस्तीचे धागे आपल्यापर्यंतही येतात. १९५५ मध्ये टोकियोत आशियाई अजिंक्यपदासाठी झालेल्या लढतींत किंगकाँग आणि दारासिंग दोघेही होते, आणि अंतिम विजय रिकिदोझानचा झाला. हेच किंगकाँग आणि दारासिंग मुंबईकरांनी वरळीच्या वल्लभभाई पटेल स्टेडियममध्ये तिकीट काढून पाहिले. त्या फ्रीस्टाइल कुस्त्या खऱ्या की ठरविलेल्या, यावर त्या पिढीतल्या घराघरांत वाद झाले असतील. १९८७ साली दूरदर्शनच्या 'रामायणा'त तोच दारासिंग हनुमान झाला, तेव्हा मात्र कोणी वाद घातला नाही. प्रस्तावना मिळाली होती.

२२ डिसेंबर १९५४ रोजी रिकिदोझान आणि किमुरा समोरासमोर आले. किमुराने पुढे सांगितले ते असे : लढत बरोबरीत सोडवायची, असे दोघांत ठरले होते. मध्येच रिकिदोझानने खरे प्रहार करायला सुरुवात केली आणि किमुरा रक्तबंबाळ होऊन कोसळला. रिकिदोझानच्या बाजूने याचे वेगळे समर्थन केले गेले, किमुरानेच आधी मर्यादा मोडली असे. ते बाजूला ठेवू. किमुराचे म्हणणे क्षणभर खरे मानले तर काय दिसते? त्या रात्री ठरविल्याप्रमाणे चाललेला सर्व काळ असत्याचा होता. प्रहार सुरू झाल्यापासून पुढचा काळ सत्याचा. प्रेक्षकांना तिकिटाच्या बदल्यात जे मिळेल असे सांगितले गेले होते, ते त्या शेवटच्या काळातच मिळाले. सत्य हेच सर्वोच्च मूल्य असेल, तर त्या रात्रीचा प्रामाणिक मनुष्य रिकिदोझान ठरतो. पण आपली नैतिक जाणीव असे मुळीच म्हणत नाही. त्या रात्री घडला तो विश्वासघात, असेच ती म्हणते.

माझ्या मते सगळा प्रश्न या गाठीशी आहे. ठरविलेल्या कुस्तीत मल्ल आपले शरीर प्रतिस्पर्ध्याच्या स्वाधीन करतो. उचलून आपटताना ज्याला आपटायचे तोही उडी घेऊन मदत करतो. आपली मान तो दुसऱ्याच्या हातात देतो आणि ती जपली जाईल असे गृहीत धरतो. निकाली कुस्तीत हा विश्वास नसतो, तेथे नियम असतात आणि पंच असतात. नुरा कुस्ती प्रेक्षकाशी खोटी वागते, पण दोन मल्लांमधला शब्द तिच्यात कमालीचा खरा असावा लागतो. तो मोडला की मान मोडते. बैलाला शब्द देता येत नाही, म्हणून त्याला तो मोडताही येत नाही. मल्लाला दोन्ही करता येते. 'हे खरे की खोटे' असा प्रश्न आपण विचारतो तेव्हा 'कोणी कोणाला शब्द दिला होता' हा प्रश्न त्याखाली झाकला जातो.

इनोकीची कारकीर्द या प्रश्नाची जवळजवळ प्रयोगशाळाच आहे. जन्म १९४३, योकोहामा. चौदाव्या वर्षी कुटुंबाबरोबर ब्राझीलला स्थलांतर, तेथे कॉफीच्या मळ्यात काम. १९६० मध्ये रिकिदोझानच्या नजरेस पडून जपानला परत. त्याच वर्षी ३० सप्टेंबरला तो जपान प्रो-रेसलिंग या कंपनीत प्रथम उतरला. १९६३ मध्ये रिकिदोझानचा चाकूच्या हल्ल्यानंतर मृत्यू झाला. इनोकी अमेरिकेत लढून आला, १९६६ मध्ये टोकियो प्रो-रेसलिंग नावाच्या नव्या कंपनीत गेला, ती बुडाल्यावर मूळ कंपनीत परतला, १९७१ च्या अखेरीस तेथून काढला गेला आणि १९७२ मध्ये त्याने स्वतःची न्यू जपान प्रो-रेसलिंग काढली. 'कंपनी' हा शब्द मी मुद्दाम वापरतो. किर्लोस्कर मंडळी सोडून १९१३ मध्ये बालगंधर्वांनी बोडस आणि टेंबे यांच्यासह गंधर्व मंडळी काढली, ती कथा ज्यांना ठाऊक आहे त्यांना या फाटाफुटींचे व्याकरण निराळे समजावून सांगावे लागणार नाही. नट कंपनी बदलतो तेव्हा भूमिका मागे ठेवून जातो. मल्ल मात्र स्वतःच्या नावाची भूमिका अंगावर घेऊनच जातो, ही अडचण नाटकवाल्यांना नव्हती.

६ मार्च १९७२ रोजी नव्या कंपनीचा पहिला कार्यक्रम झाला आणि त्यात कंपनीचा मालक इनोकी कार्ल गॉचकडून हरला. कंपनी स्वतःची, कार्यक्रम स्वतःचा, आणि पहिल्या रात्री स्वतःचाच पराभव! व्यापारी हिशेब म्हणून याचा उलगडा सहज होतो : आपल्याहून थोर मल्ल आपल्या मैदानात येतात असे लोकांना वाटावे. तरीही या कृतीत हिशेबाबाहेरचे काही उरते. निकाली कुस्तीत पराभव वाट्याला येतो. येथे तो निवडलेला आहे. आपण हरलेले दिसावे असे जो स्वतः ठरवितो त्याला हरलेला म्हणायचे की नाही? विदूषकाची फजिती ही नटाची फजिती नसते हे आपण जाणतो, कारण विदूषकाचे नाव वेगळे असते. त्या रात्री हरला त्याचेही नाव इनोकी होते आणि ज्याने हरायचे ठरविले त्याचेही इनोकीच.

पुढची चार वर्षे सोडून १९७६ कडे जाऊ. त्या वर्षी २६ जूनला टोकियोत इनोकी आणि महंमद अली यांची लढत झाली. तिचा निकाल ठरविलेला नव्हता, असेच आज बहुतेक अभ्यासक मानतात. लढतीवर नियमांची इतकी बंधने घातली गेली की इनोकी बराच वेळ पाठीवर पडून अलीच्या पायांवर लाथा मारीत राहिला आणि अलीला फारच थोडे ठोसे मारता आले. पंधरा फेऱ्या, बरोबरी. अलीचे पाय सुजले, त्याला उपचार घ्यावे लागले. आणि प्रेक्षक? ते चिडले, त्यांना फसविल्यासारखे वाटले. वर्षानुवर्षे ठरविलेल्या लढतींवर जीव टाकणाऱ्यांनी ठरविलेली नसलेली लढत पाहिली आणि तिलाच थोतांड म्हटले. दारव्ह्याच्या दंगलीत ओरडणारा माणूस त्या दिवशी टोकियोतही हजर होता म्हणायचा.

त्याच वर्षी १२ डिसेंबरला कराचीत इनोकी अक्रम पहिलवानाशी लढला. अक्रम हा इमामबक्षचा मुलगा, गामाचा पुतण्या. जपानी बाजूने सांगितले जाते ते असे की नेहमीसारखी लढत होईल अशा समजुतीने इनोकी गेला होता. ऐनवेळी कळले की समोरच्याला खरी कुस्ती हवी आहे. लढत कुरूप झाली. अक्रमने चावा घेतला असे म्हणतात, इनोकीने डोळ्यांत बोटे घातली असे म्हणतात. तिसऱ्या फेरीत इनोकीने अक्रमचा हात पिरगळून धरला; अक्रमने हार मानल्याची खूण केली नाही, हात निकामी झाला आणि लढत थांबविली गेली.

येथे शब्द कोणी मोडला? अक्रमने दिलेला शब्द मागे घेतला, असे म्हणता येते. त्याने असा शब्द दिलाच नव्हता, असेही म्हणता येते. भोलू घराण्याला व्यावसायिक लढती अपरिचित नव्हत्या, म्हणून त्याला अगदीच भोळा ठरविणेही बरोबर नाही. मला वाटते, त्या मैदानात दोन निरनिराळ्या भिंतींच्या आतले दोन मनुष्य एकदम उभे होते. एक नाट्यगृहात आला होता, दुसरा खासबागेत. चौकट कोणती हेच जेथे ठरलेले नाही, तेथे विश्वासघात आणि पराक्रम यांत फरक करायला जागा उरत नाही. किमुरा-रिकिदोझान लढतीत एक शब्द होता आणि तो मोडला असे निदान सांगता येते. कराचीत शब्द होता की नव्हता, इतकेसुद्धा निश्चित नाही, आणि तरी एक हात खरोखर निकामी झाला. वेदनेला मात्र प्रस्तावना लागत नाही. शंकुकाचा घोडा चित्रातला असतो, पण या घोड्याने मारलेली लाथ चित्रातली नसते. चित्रतुरगन्याय कुस्तीला लावताना तो येथे तुटतो, आणि बार्थची चिन्हमीमांसाही येथेच अपुरी पडते : चिन्ह झालेले शरीर चिन्ह असतानाच शरीरही असते.

येथे एक आक्षेप येईल आणि तो यायलाच हवा. दोन मल्लांमधल्या शब्दाला एवढे महत्त्व देणे म्हणजे चोरांनी आपसात लूट प्रामाणिकपणे वाटून घेतली म्हणून त्यांचे कौतुक करणे नव्हे काय? प्रेक्षक कोठे गेला? आक्षेप योग्य आहे, आणि त्याचे उत्तर सर्व ठिकाणी एकच असू शकत नाही. १९८९ मध्ये अमेरिकेतल्या वर्ल्ड रेसलिंग फेडरेशनने न्यू जर्सी राज्याच्या सेनेटपुढे अधिकृतपणे सांगितले की आपल्या लढती ही करमणूक आहे, खरी स्पर्धा नव्हे. हेतू नियामक मंडळाच्या देखरेखीतून आणि करातून सुटण्याचा होता. जगाच्या इतिहासात करापोटी म्हटलेली ही पहिलीच नांदी असावी. पण नांदी झाली आणि प्रेक्षक तरीही येत राहिले. जपानमध्ये मात्र इनोकीच्या लढतींत वर्षानुवर्षे पंच असलेल्या मिस्टर ताकाहाशीने २००१ मध्ये पुस्तक लिहून आतला व्यवहार उघड केला, म्हणजे प्रस्तावना वाचली गेली ती भरतवाक्यानंतर. इनोकी १९९८ मध्येच आखाड्यातून निवृत्त झाला होता.

यवतमाळच्या दंगलीतला प्रेक्षक या दोन्हींहून वेगळा आहे. तेथे इनाम तिकिटाच्या पैशातून मालक देत नाही. ते गावाच्या वर्गणीतून येते. त्यावर कोणी आपल्या खिशातले शंभर रुपये घालतो आणि लाउडस्पीकरवरून त्याचे नाव पुकारले जाते. तो केवळ पाहणारा राहत नाही, व्यवहारातला पक्ष होतो. 'जो जिंकेल त्याला' असे त्याने बोलून दाखविलेले असते आणि इनाम स्वीकारणाऱ्या मल्लाने त्याला उत्तरादाखल शब्द दिलेला असतो. तेथे नुरा करणे हा त्या शब्दाचा भंग आहे, मग दोन मल्लांनी आपसातला करार कितीही निष्ठेने पाळलेला असो. टोकियोतल्या किंवा वरळीतल्या तिकीटधारकाला असा शब्द दिला गेला होता असे मी ठामपणे म्हणू शकत नाही. पुष्कळदा त्याला काहीच सांगितले गेले नव्हते, आणि न सांगणे हे असत्य बोलण्यापेक्षा कमी वाईट आहे की अधिक, हा स्वतंत्र प्रश्न आहे. दंगलीतल्या माणसाची आरोळी पुराव्याच्या दृष्टीने चुकत असेल, हक्काच्या दृष्टीने मात्र ती बरोबर आहे. त्याला विचारण्याचा अधिकार आहे, जो बार्थला नव्हता.

कराचीनंतर अडीच वर्षांनी, जून १९७९ मध्ये, इनोकी लाहोरला गेला. समोर झारा होता : इमामबक्षचा नातू, अक्रमचा पुतण्या, वय विशीच्या आतबाहेर. काकाच्या हाताचा हिशेब चुकता करायला हा मुलगा उभा केला होता. पाच फेऱ्या झाल्या, निकाल लागला नाही. आणि मग इनोकीने स्वतःच झाराचा हात धरून वर उचलला. लाहोरच्या प्रेक्षकांनी त्याचा अर्थ झारा जिंकला असा घेतला आणि त्या घराण्याची कथा आजही तशीच सांगितली जाते.

हात उचलणे हे आधी ठरले होते काय? ते मल्लाने मल्लाला दिलेली दाद होती, की कराचीचे देणे, की हजारोंच्या गर्दीतून सुखरूप बाहेर पडण्याची हुशारी? उचललेला हात उजवा की डावा, हेही आता सांगणारे वेगवेगळे सांगतील. कराचीत जो निकामी केला तो काकाचा हात होता, लाहोरला उचलला तो पुतण्याचा. इनोकी २०२२ मध्ये गेला. झारा त्याच्या कितीतरी आधी, १९९१ मध्येच, तरुण वयात गेला होता.